शंभर टक्के निकाल, आमची सई सोडून

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय.

माझी मुलगी सई दहावीला गणितात चार मार्कांनी उडाली. ठीक आहे, पुन्हा परीक्षा आहे, बसेल. त्याचाच फॉर्म भरायला आज ऑफिसला दांडी मारून, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून तिला घेऊन तिच्या शाळेत पोचले. गेटवर भलंमोठं बॅनर: ‘दहावीचा निकाल १०० टक्के!’

क्लार्कबाईंना विचारलं, "मॅडम, शंभर टक्के कसा? ही समोर उभी आहे ना!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "अक्का, ते बॅनर रिझल्टच्या आधीच छापलं होतं."

"मग आता तरी काढा!"

"स्वल्प हळू बोला. आत नवीन ॲडमिशनचे पेरेंट्स बसलेत."

मग तर माझा आवाज आणखीच चढला. दहा वर्षं गॅदरिंगला, स्पोर्ट्स डेला ‘आमची सई’ होती, आणि एका पेपरात गेली तर मोजायलाही नको?

तेवढ्यात सईने फॉर्मवरचं पेन थांबवलं आणि हळूच विचारलं, "आई, इथे शाळेचं नाव विचारलंय. लिहू का?"

मी म्हटलं, "लिही. मोठ्या अक्षरात लिही."

पण हे तिला विचारावं का लागलं, सांगा ना मला.