सगळ्यांची गिरणी

सूतगिरणीत नोकरी केली की अंगावर कापूस साचतो आणि डोक्यात किस्से. कापूस अंघोळीत निघतो, किस्से निघत नाहीत!

कोल्हापूरजवळच्या आमच्या सहकारी गिरणीत आम्ही चौघं एकत्र डबा खायचो. युनियनचा पुढारी शंकर, त्याला सगळे कॉम्रेड म्हणत. शेटेअण्णांच्या घरी किराणा दुकान, त्यामुळं ते धंदेवाल्यांच्या बाजूचे. इलेक्ट्रिशियन रफिकभाई कुणाच्याच बाजूचे नव्हते. आणि मी. मालकशाही बरी की समाजवाद, यावर रोज भांडण. पण खरं सांगू? त्या भांडणाच्या तळाशी भीतीच असायची.

*

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एक दिवस कॉम्रेड दाढी न करताच आला. डबा उघडेना. आम्हाला वाटलं, घरात काहीतरी बरंवाईट झालं.

अण्णांनी हळूच विचारलं, "कोण गेलं गा?"

"रशिया!"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"हसू नका मर्दानू. आता मालक लोक भिणार कुणाला?"

अण्णांनी वाद घातला नाही. आपली अर्धी भाकरी गुपचूप त्याच्या डब्यात ठेवली.

*

माझ्या मशीनचं थांबवायचं बटण बिघडलं होतं. सुपरवायझर म्हणाला, मॅनेजरची सही आणा. मॅनेजर म्हणाला, चेअरमनची. चेअरमन म्हणाले, "मीटिंगमध्ये ठरवू. गिरणी काय माझ्या एकट्याची हाय?"

मीटिंग व्हायच्या आधीच माझी बाही पट्ट्यात गेली. मशीन थांबेना! रफिकभाईंनी पळत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून हात वाचला. शर्ट खांद्यापर्यंत फाटलेला, दातावर दात आपटत मी जमिनीवर बसलेलो.

अण्णा कॉम्रेडवर ओरडले, "बघ तुझा समाजवाद! सगळ्यांची गिरणी म्हंजे कुणाचीच न्हाय!"

*

रफिकभाईंच्या टीव्हीवर एक जाहिरात लागायची. ग्लासभर पाण्यात जंतू वळवळताना दिसायचे. भाभींनी ती बघितली आणि माठातलं पाणी बंद केलं. पाणी शुद्ध करायचं विजेचं मशीन घरात आलं.

मग सुरू झालं लोडशेडिंग. मशीन बंद, माठ काठोकाठ भरलेला, आणि पोरं तहानेनं रडताहेत. भाभी माठाला हात लावू देईनात.

"आमचा बाप नदीचं पाणी पिऊन म्हातारा झाला," रफिकभाई आम्हाला सांगत होते. "मी म्हटलं, मीच आधी पितो. पर ग्लास उचलवंना! आजवर साहेबाला भ्यालो न्हाय, जाहिरातीला भ्यालो की!"

*

पुढं गिरणी एका खासगी कंपनीनं चालवायला घेतली. माझ्या मशीनचं बटण एका दिवसात बदललं! अण्णांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी एक साहेब घड्याळ घेऊन पाठीमागं उभा. कोण किती वेळ संडासला गेला, ते लिहायचा. अण्णांना शुगर. लघवीला उठावं लागू नये म्हणून त्यांनी कामावर पाणी पिणंच सोडलं. चौथ्या दिवशी मशीनपाशीच चक्कर येऊन पडले.

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "साहेबानं बघितलं काय?"

कॉम्रेड त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजत होता. म्हणाला, "प्या अण्णा. तुमचा मालक जेवायला गेलाय."

*

आणि मग ती यादी. कंपनीला निम्मेच कामगार हवे होते. ज्यांना ठेवणार त्यांची नावं सकाळी गेटवर लागली. सगळी गिरणी तिथं जमलेली, पण पुढं कुणी होईना.

शेवटी कॉम्रेड म्हणाला, "रफिकभाई, तुम्ही वाचा. माझा चष्मा घरात राहिलाय." चष्मा त्याच्या खिशातच होता.

रफिकभाई कागदाजवळ गेले. त्यांचं बोट नावांवरनं खाली सरकत होतं.

"अण्णा... न्हाय."

माझ्याकडं बघून नुसतीच मान हलवली.

"मी बी न्हाय."

मग बोट एका जागी थांबलं. रफिकभाई वळले.

"कॉम्रेड, तुमचं हाय!"

कॉम्रेडनं झटकन पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं. चेहरा पांढराफटक.

"मोठ्यानं वाचू नका," तो म्हणाला. "लोकं ऐकालीत!"