डोंगर न आलेला फोटो

रहिमतपुरात मोहसीनचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिलाईचं दुकान, मध्ये एकच भिंत. त्यामुळे त्याच्या धंद्याच्या खोडी मला पाठ आहेत. नवरी सावळी असली तरी फोटोत गोरीपान दिसली पाहिजे, एवढीच आमच्या गावाची फोटोग्राफरकडून अपेक्षा. म्हणून मोहसीनचा कॅमेरा बारा महिने गरजेपेक्षा जास्त उजेड घेण्यावर लावलेला. मी चिडवायचो, "गड्या, तू म्हशीचा फोटो काढलास तर ती बी पांढरी निघंल." तो नुसता हसायचा.

समोर हरणाबाई भाजी घेऊन बसते. तिचं माहेर कोयनेच्या धरणाखाली गेलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या गावाचा एकही फोटो तिच्याकडे नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं, जुनी गावं उघडी पडली, असं कानावर आलं आणि तिनं भाजीवर पोतं टाकून सरळ स्टुडिओ गाठला.

"मोहसीन, माझं गाव काढून आन रं. मला घाट सोसत न्हाई. गावामागं डोंगूर हाय, त्येला एक खिंड हाय. त्या खिंडीतनंच आमी भाईर पडलो. डोंगूर दिसला की घर कुठं व्हतं त्ये मला कळंल."

मोहसीननं आयुष्यात लग्नं आणि बारशी सोडून काही टिपलं नव्हतं. तरी गेला. नावाड्यानं नेमकं गाव दाखवलं. भर दुपार. चिखलात घरांचे काळे चौथरे, त्यामागं चकाकणारं पाणी, पलीकडे उन्हानं धुरकटलेला डोंगर. उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं अंधारंच दिसत होतं, म्हणून यानं उजेड आणखी वाढवला. चाळीस फोटो काढून परत आला.

कॉम्प्युटरवर ते उघडले तेव्हा मी शेजारीच होतो. चौथऱ्यांचा दगडन् दगड सुरेख आला होता. वर मात्र पाणी, डोंगर, आभाळ सगळं कोऱ्या कागदासारखं. चाळीसच्या चाळीस तसेच.

"आभाळ जळलं," मोहसीन म्हणाला. फोटो काळा पडला तर थोडंफार वर काढता येतं, असा पांढरा जळला की काही केल्या परत येत नाही, असं त्यानं मला समजावलं. मला त्याचा खरंच संताप आला. निघताना एकदा ते उजेडाचं बटण बघायला काय झालं होतं?

पुन्हा जायचं ठरेपर्यंत घाटात पावसानं जोर धरला. नावाडी फोनवर म्हणाला, "आता कशाला येताय? पाणी चढलं."

शेवटी त्यातलाच एक फोटो मोठा करून त्यानं हरणाबाईपुढे ठेवला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला.

"ह्ये कुठलं बी गाव असंल. दगडं काय, समदीकडं सारखीच. डोंगूर कुठाय?"

मोहसीननं काही न लपवता सगळं सांगितलं. मग चाचरत म्हणाला, "मावशी, मागं एक डोंगर बसवून देऊ का? लग्नाच्या अल्बमात बसवतो तसा. वळखू बी येणार न्हाई."

"कुणाचा बसवणार हाईस?"

तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि फोटोच्या पांढऱ्या भागात डाव्या कडेपासून रेघ ओढायला लागली. रेघ चढत गेली, थोडी उतरली आणि थांबली.

"खिंड देवळाच्या अंगाला व्हती का वढ्याच्या?" ती स्वतःशीच पुटपुटली. मला तिथं उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना. मग तिनं मोहसीनकडे पाहिलं. "आरं, तू सोता थितं उभा व्हतास की. तूच सांग, कुठल्या अंगाला व्हती?"



"मी डोंगराकडं बघितलंच न्हाई, मावशी. स्क्रीनमधी बघत व्हतो."