विमलबाईचा पेन्सिल सेल

मेडशीच्या विमलबाईबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं. तरी लिहितो, कारण तिच्याबद्दल खरं लिहू शकेल असा माझ्याइतका दुसरा माणूस आमच्या तालुक्यात नाही. अकरा वर्षं मी या बाईवर जळतो आहे. आणि ज्याच्यावर माणूस जळतो त्याची त्याला बारीकसारीक माहिती असते.

मी रामकिसन. मालेगावात बसस्टँडच्या मागे माझं अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयचं सर्टिफिकेट काचेत बसवून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर टांगलं आहे. मीटर दोन आहेत, एक काट्याचा आणि एक आकड्यांचा. विमलबाईकडे यातलं काही नाही. मेडशीला तिच्या घराच्या ओसरीवर एक सतरंजी, गोंदाचा डबा, पानं विस्कटलेली एक वही आणि खिळ्याला अडकवलेला एक बंद पडलेला मीटर. तो मीटर तिच्या नवऱ्याचा, म्हणून ठेवलेला.

नवरा देवमन. त्याची लाऊडस्पीकर सर्व्हिस होती, जयंतीला आणि लग्नाला त्याचेच भोंगे असायचे. एका पावसाळ्यात त्याचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून देवमन खाटेवर बसून तोंडाने सांगायचा आणि विमलबाई खाली बसून हाताने करायची. सात वर्षं असं चाललं. स्पीकरचा फाटलेला कागद चिकटव, त्यामागची कॉइल मधोमध बसव, तार इकडून घे. चौथी शिकलेली बाई, पण सात वर्षं रोज एकाच मास्तरपुढे बसली. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता काम बंद. मलाही वाटलं. मी अंत्ययात्रेला गेलो होतो आणि खरं सांगायचं तर परतताना एसटीत मनात हिशेब करत होतो की मेडशीची, पातूरकडची गिऱ्हाइकं आता माझ्याकडे येतील. एक आलं नाही. उलट वर्षभरात माझीच तिकडे जायला लागली.

ती स्पीकरच्या कागदावर तुरीचे चार दाणे ठेवते आणि हळू आवाज सोडते. दाणे सारखे नाचले तर कॉइल सरळ, एका अंगाला घरंगळले तर वाकडी. दुकानात कुणी हे सांगितलं की मी हसायचो. "तूर शिजवते का रिपेरिंग करते?" असं म्हणायचो. दुकान बंद करून मग मी पण दाणे ठेवून पाहिले. बाईचं बरोबर होतं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. गिऱ्हाइकं येतात, जातात. पण माझी मुलगीच तिच्याकडे गेली तेव्हा माझं डोकं फिरलं.

योगिनी माझी एकुलती एक. वाशीमच्या कॉलेजात शिकते आणि प्रसेनजितच्या गायन पार्टीत बास गिटार वाजवते. चार जाड तारांची ही गिटार, तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. आमच्या घराण्यात कुणी टाळसुद्धा धड वाजवला नाही, त्यामुळे मला तिचा फार अभिमान. तिच्यासाठी मी जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन नव्यासारखा केला. पंधरा इंची स्पीकरचे दोन बॉक्स स्वतःच्या हाताने बनवले. प्लाय मी कापला, फेविकॉल मी लावला. ती नऊ वर्षांची असताना माझ्याच बाकावर उभी राहून तिने पहिला सोल्डर, म्हणजे कथलाचा सांधा, मारला होता. तेव्हाच तिला शिकवलं होतं, तार छिद्रातून खालून वर घ्यायची, तीन पीळ द्यायचे, मगच सोल्डर. जिल्ह्यात असा सांधा मारणारा मी एकटा. नाही, आता दोघं.

मार्चमध्ये त्यातला एक बॉक्स भरभरायला लागला. जाड तार छेडली की आवाजामागून फाटकी हवा यायची. मी स्क्रू आवळले, स्पीकर मीटरला लावला, सगळं बरोबर. दुसऱ्यांदा पाहिलं, सगळं बरोबर. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, "बॉक्स चांगला हाय. तुह्या बोटाचा दोष हाय. तार कायले एवढी जोरात वढतं?"

दोन दिवसांनी दुकानातून घरी आलो तर बॉक्स जागेवर नव्हता.

"मेडशीले नेला," ती म्हणाली. "विमलमावशीकडं."

मावशी! माझ्या घरात, माझ्या मुलीच्या तोंडी ती बाई मावशी झाली होती आणि मला पत्ता नव्हता. नवरा दुसरीकडे जायला लागल्यावर बायकांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. हसू नका. मुलगी माझी, बॉक्स माझा, आणि इलाज मेडशीला.

बॉक्स परत आला तो ठणठणीत होऊन. योगिनी उत्साहाने सांगत होती आणि मी भाकरी चघळत होतो.

"मावशीनं अगरबत्ती पेटवली बाबा. बॉक्सच्या सांध्यासांध्यावरून फिरवली. मी इकडं तार वाजवून राह्यली होती. मागच्या कोपऱ्यात आल्याबरोबर धूर फरकन उडाला. तिथून हवा लीक होती. मंग तिनं स्पीकर काढला, आतून फेविकॉलमंधी भुसा कालवून भरला, पुन्हा स्पीकर लावला. बस."

म्हणजे चूक ना स्पीकरची, ना पोरीच्या बोटाची. चूक माझ्या सुतारकामाची. मी पोरीला दोष दिला होता आणि त्या बाईने अगरबत्तीच्या धुराने माझं नाक कापलं होतं. त्यावर योगिनी आणखी म्हणाली, "केनवडच्या प्रोग्रामले मावशीलेच नेऊ म्हन्ते प्रसेनजित. साउंड तीच लावीन. तुमी पन या बाबा."

तुमी पन या. मी पण!

केनवडचा कार्यक्रम जयंतीचा होता. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी योगिनी कॉलेजला गेली. बायको शेजारी पापड लाटायला गेली. दोन्ही बॉक्स पडवीत उभे होते. मी दार लोटलं, विमलबाईने दुरुस्त केलेल्या बॉक्सची मागची फळी उघडली आणि आतल्या स्पीकरच्या दोन तारा उलट्या लावल्या. प्लसची मायनसला, मायनसची प्लसला.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. असा बॉक्स एकटा वाजवला तर काही कळत नाही. पण शेजारी दुसरा सरळ बॉक्स लावला की एकाचा कागद बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोघं एकमेकांचा आवाज खातात आणि बास मरतो. अ‍ॅम्प्लिफायर कितीही वाढवा, आवाज खोक्यासारखा. माझा बेत साधा होता. केनवडला बास मरेल. स्पीकर शेवटी काढला-लावला कुणी? विमलबाईने. सगळे तिच्याकडे बघतील, तिला उमगणार नाही. मग मी उठेन, मीटर काढीन, दोन मिनिटांत दोष दाखवीन. आणि माझी मुलगी माझ्याकडे नऊ वर्षांची असताना बघायची तसं बघेल.

विमलबाईचे सांधे म्हणजे सोल्डरचे गोळे. प्लसच्या बाजूला तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. खरं तर मी पण तसेच गोळे मारायला हवे होते. पण हाताला वळण पडलेलं. वाईट कामसुद्धा वाईट करवेना. खालून वर, तीन पीळ, चकचकीत सांधा मारून मी फळी बसवली.

केनवडला दुपारी चारलाच पोचलो. शाळेच्या मैदानात स्टेज, वर निळा मंडप, ऊन अजून तापलेलं. विमलबाई पांढरं लुगडं नेसून, कापडी पिशवी घेऊन आमच्याच गाडीत आली होती. मला म्हणाली, "जय भीम, रामकिसनभाऊ. बरं झालं तुमी आले. मले येवढ्या मोठ्या स्टेजचं भेव वाटते." मी मीटरची पिशवी घेऊन खुर्चीवर जाऊन बसलो.

दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी लावले. योगिनीने जाड तार छेडली. आवाज आला, पण जीव नाही. प्रसेनजित म्हणाला, "बास कुठं गेला?" योगिनीने बटण वाढवलं. तेच. मी मीटरची पिशवी उघडून उठलोच.

"थांबा भाऊ," प्रसेनजित म्हणाला. "मावशी, पायजा जरा."

मी पुन्हा बसलो. विमलबाईने एक बॉक्स बंद करून दुसरा ऐकला. मग दुसरा बंद करून पहिला. दोन्ही चांगले. तिने दोन्ही बॉक्सच्या पुढच्या जाळ्या काढल्या. पिशवीतून पेन्सिल सेल काढला, भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो. अ‍ॅम्प्लिफायरमधून वायर उपसली आणि सेल तिच्या पिनेला टेकवला. पहिल्या बॉक्सचा कागद टक्कन बाहेर आला. दुसऱ्या बॉक्सच्या वायरीला टेकवला. कागद आत गेला.

माझे दोन मीटर पिशवीतच राहिले.

"पेचकस द्या," ती म्हणाली. मीच दिला. तिने मागची फळी उघडली. योगिनी तिच्याजवळ गुडघ्यावर बसून मोबाइलचा उजेड दाखवत होती. मी दोन हात अंतरावर उभा. प्लसच्या लाल ठिपक्यावर मायनसची काळी तार होती आणि त्या तारेला तीन पीळ होते.

विमलबाई बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग वर न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्यीच चूक हाय बापा. लावताना उलटं लागलं माह्या हातून. म्हातारपन, दुसरं काय?"

प्रसेनजित हसला. म्हणाला, "मावशी, चूक कबूल करनारा मेकॅनिक मी पयल्यांदा पाह्यला." सगळे हसले. त्यांच्या मनात ती आणखीनच चढली. मी वाचलो होतो आणि तरीही माझा जळफळाट होत होता. चूक माझी आणि त्या चुकीवरही कौतुक तिचंच!

माझंच सोल्डरिंग आयर्न मागून घेऊन तिने सांधे सरळ केले. योगिनीने तार छेडली आणि स्टेजवरच्या पाण्याच्या प्लास्टिक ग्लासांवर थरथर उठली. प्रोग्राम असा झाला की केनवडचे लोक अजून नाव काढतात. माझं नाही.

आठ दिवस मी कसेबसे काढले. मग एसटीने मेडशीला गेलो. विमलबाई ओसरीवर एका भोंग्याच्या आतला पडदा, डायफ्राम, साफ करत होती. मी न बसताच विचारलं, "माहं नाव काहून नाई घेतलं?"

तिला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. म्हणाली, "पोरगी उजेड धरून होती नं भाऊ. तिच्यासमोर तिच्या बापाचं काय सांगू?" मग डायफ्राम खाली ठेवून, "तिले नाई नं समजलं काही?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग झालं. च्या मांडू का?"

चहा प्यायलो. साखर जास्त होती, तरी प्यायलो. परतीच्या एसटीत पहिल्यांदाच मला त्या बाईचा राग आला नाही. म्हणजे आला, पण थोडा. माझी पोरगी अजून माझी होती, ते त्या बाईमुळे, हे कबूल करावं लागत होतं.

रविवारी योगिनी म्हणाली, "बाबा, बॉक्सची एक वायर नवी करून देता का?"

मी जीव ओतून केली. चांगली जाड तार घेतली, पिना नव्या लावल्या, खालून वर, तीन पीळ. तिच्या हातात दिली. तिने ती उलटून पाहिली, सांध्यावरून बोट फिरवलं. मग ओढणीच्या गाठीतून पेन्सिल सेल काढला, वायर बॉक्सला लावली आणि सेल टेकवला.

कागद टक्कन बाहेर आला.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि वायर गुंडाळून आत गेली. मी पडवीत तसाच उभा. ओरडली असती, रडली असती, दोन दिवस बोलली नसती तर बरं झालं असतं. तिने ते तीन पीळ केनवडलाच, त्या उजेडात वाचले होते. मीच तर तिला वाचायला शिकवलं होतं.

त्या दिवसाबद्दल ती आजपर्यंत एक शब्द बोलली नाही. चहा देते, हसते, भात वाढते. पण माझ्या हाताचं काहीही असो, वायर असो की सांधा, आधी सेल लावून पाहते. विमलबाईच्या हाताचं आलं तर तसंच जोडते आणि वाजवायला लागते. मी शेजारी बसून ते बघतो.

आता मी दुकानात सेलचं पाकीट आणून ठेवलं आहे. तिचं काही काम करून झालं की वायर देण्याआधी त्यातला एक सेल काढतो आणि तिच्यापुढे धरतो.

ती घेते. "राहू द्या बाबा," असं अजून एकदाही म्हणालेली नाही.