तांबड्या थरावरचा खडक

सकाळी गोगाबाबा टेकडीवर फिरायला येणाऱ्या त्या बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बोलताना दर वाक्यानंतर फळ्याकडं वळल्यासारख्या थांबायच्या. हा सगळा डोंगर लाव्ह्याचा आहे, एक थर निवला की त्याच्यावर दुसरा आला, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्या लांबून दिसल्या तरी मी वाट बदलायचो.

मागच्या पावसाळ्यात एकदा रात्रभराची झड सकाळी उघडली होती आणि वाट बदलायच्या आत बाईंनी मला गाठलं होतं. एका कपारीखाली शेळ्या राखणारे मामा घोंगडी पांघरून बसले होते. बाई थबकल्या. कपारीच्या बुडातला मऊ तांबडा थर वाहून गेला होता आणि वरचा काळा खडक आधाराविना पुढं आलेला होता.

“मामा, बाहेर या. खालची माती गेलीय.”

“लई वर्सं बसतोय बाई इथं. काय नाय होत.”

बाईंनी पुढं काही समजावलंच नाही. वाकून आत गेल्या, मामांच्या अंगावरची घोंगडी ओढून घेतली आणि उतारानं चक्क पळत सुटल्या. “ओ बाई, काय करताय!” म्हणत मामा मागं धावले. मला हसू आवरेना. तेवढ्यात खडक कोसळला.

चिखल आमच्या अंगावर उडाला. शेळ्या लांब चरत होत्या, त्या बिथरून ओरडू लागल्या. मामा वळून त्या खडकाकडं बघत खाली बसले.

“तिथंच होतो की वो मी,” ते म्हणाले.

 बाईंनी मामांचा दंड चाचपला, मग खांदा, आणि शेवटी त्यांच्या शेजारी ओल्या गवतातच बसून मनमोकळं रडून घेतलं.