प्रोब कोणाच्या हातात?

एका वॉर्डात एक मशीन, ते शिकायला टपलेली पोरं आणि "हे काही चालणार नाही" म्हणणारे दहा जण एकत्र आले की किस्से आपोआप साठतात. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी मेडिसिन शिकवते. पेशंटच्या खाटेशीच सोनोग्राफी करायला रेसिडेंट्सना शिकवायचं मी ठरवलं, अन् माझी पोतडी भरत गेली!

*

पहिल्याच आठवड्यात ऑफिसने मशीन कुलपात टाकलं. गर्भलिंग कायद्याखालची नोंदणी, परवानगी, सगळं रीतसर होतं. तरी सुपरिंटेंडंट म्हणाले, "रिस्क नको."

दुसऱ्या दिवशी मी क्लास त्यांच्या दारासमोरच भरवला. फरशीवर खडूने हृदय काढलं. छातीवर फिरवायचा प्रोब नव्हता, म्हणून पोरांच्या हातात साबणाच्या वड्या दिल्या. साहेब बाहेर आले.

"मॅडम, हे काय चालू आहे?"

"प्रॅक्टिस, सर. मशीन कुलपात आहे ना!"

जेवायच्या सुट्टीआधी किल्ली आली.

*

सुरुवातीला पोरं एकमेकांवरच हात बसवायची. एकदा रोशनच्या पोटावर सगळ्यांनी प्रोब फिरवला, पण पित्ताशय काही सापडेना.

"मॅडम, याले पित्ताशयच नाही!"

रोशन पांढराफटक पडला.

"सकाळी काय खाल्लंस?" मी विचारलं.

"तर्री-पोहे. दोन प्लेट."

खाल्लं की पित्ताशय आकसतं, हे त्या बॅचला पुन्हा शिकवावं लागलं नाही!

*

उमरेडच्या एक आजी धाप लागून आल्या होत्या. आमची खाप्याची रेसिडेंट पल्लवी त्यांचं हृदय पाहत होती. आजी स्क्रीनकडे टक लावून पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "काय वं बाई, या वयात काय पाहून राहिली? पोरगं हाय का पोरगी?"

"आजी, ते सांगणं गुन्हा आहे!"

*

मग माझी बदली झाली. "मॅडम गेल्या, आता बंद पडणार," हे कँटीनमध्ये ठरूनही गेलं. पण आमचा एक नियम होता: जो शिकला, त्याने खालच्या बॅचला शिकवायचं.

पुन्हा इथेच बदली होऊन आले तेव्हा वॉर्डात एक अनोळखी इंटर्न स्कॅन करत होती. मी सवयीने प्रोब हातात घेतला.

"मॅडम, असा नका धरू!"

"तुला कोणी शिकवलं?"

"पल्लवी मॅडमनी."

"आणि त्यांना?"

"काय माहीत. असेल कोणीतरी!"

मी तडक कँटीनमध्ये गेले आणि हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

*

रेडिओलॉजीचे मोठे सर प्रत्येक मीटिंगमध्ये गरजायचे, "ही पोरं सावल्या पाहून पेशंट मारतील!" एका दुपारी तेच धापा टाकत कॅज्युअल्टीत आले. बीपी इतकं उतरलं होतं की मोजताच येत नव्हतं. (आता ठणठणीत आहेत, म्हणून सांगते.) मी धावत पोचले, तोवर पल्लवीने प्रोब लावलाही होता. तिच्यामागे दोन इंटर्न टाचा उंचावून उभे.

"सर, हृदयाभोवती पाणी साचलंय. आत्ताच सुई घालून काढावं लागेल."

सरांनी कशीबशी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. "डेप्थ... कमी कर."

तिने केली.

"ब्राइटनेस... वाढव."

तिने वाढवला.

सरांनी पाणी नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "घाल सुई. अन् त्या मागच्या दोघाईले पुढं घे. त्याईले दिसून नाही राहिलं!"