अंगठ्याने झिजलेला चेहरा

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच नीट कळत नाही.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नवऱ्याची नोकरी सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमध्ये, मी घरी. त्याआधी पुण्यात कॉलेजात शिकवत होते. इथे दिवसभर करायचं काय? म्हणून एका म्युझियममध्ये हौशी गाइड व्हायचं ठरवलं. बुओना व्हिस्टाला राहणारी मैत्रीण, मृणाल, तीही आली. "तू आहेस म्हणून धीर होतो गं," म्हणायची. तिचं इंग्रजी अडखळायचं. माझं नाही — आणि त्याचा मला केवढा तोरा होता!

युरोपातल्या चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या दागिन्यांचं प्रदर्शन होतं. त्यात गळ्यात घालायचं एक सोन्याचं पदक, त्यावर एका पुरुषाचा उठावदार चेहरा. तिकडे तेव्हा श्रीमंत घरांत आपल्या माणसाचा चेहरा असा गळ्यात बाळगत. आम्ही सगळ्याजणी कारागिरी बघत होतो. मृणालला मात्र दिसलं, की त्याचं नाक आणि एक गाल पार गुळगुळीत झालाय.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती म्हणाली, "कुणीतरी रोज त्यावरून अंगठा फिरवत असणार बघ. बाबा गेल्यावर आई हेच करायची. लॉकेटमध्ये त्यांचा फोटो होता. कुकरची शिट्टी होईस्तोवर, बस येईस्तोवर... फोटो पुसट होत गेला, शेवटी बाबा दिसेनात. तरी अंगठा चालूच." मग जरा लाजून म्हणाली, "गाइड निवडायच्या परीक्षेत मी हेच सांगणार आहे."

परीक्षेत माझा नंबर तिच्या आधी लागला. त्या पदकापाशी आले — आणि पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. परीक्षक बाई वाट बघत होत्या. आणि मी — कसं सांगू? — मी म्हणाले, "माझे वडील गेले, तेव्हा माझी आई..." कुकर, बस, पुसट फोटो, सगळं. अस्खलित इंग्रजीत. माझे वडील तेव्हा ठाण्यात चांगले धडधाकट होते.

बाईंनी डोळे टिपले. मृणाल मागेच उभी होती. तिची पाळी आली तेव्हा पदकाशेजारच्या पाटीवर जेवढं लिहिलं होतं, तेवढंच ती बोलली. माझी निवड झाली. तिची नाही.

घरी जाताना, आता ही चिडेल, आता बोलेल, म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली, "छान सांगितलंस. मला जमलं नसतं." मनापासून म्हणाली का? कोण जाणे. माफी मागायला अजून दोन स्टेशनं होती. मी समोरचा नकाशा वाचत बसले.

पुढे तीन महिने, दर शनिवारी, मी ती आई लोकांना सांगत राहिले. तिच्या साडीला रंगही दिला — माझ्या मनानेच.

वर्षभराने मृणाल पुण्याला परत गेली. एक दिवस तिचा फोन आला. "आई गेली गं." तिच्या आईचं दुःख मी कितीतरी परक्यांपुढे माझं म्हणून मांडलं होतं — आणि आता माझ्या तोंडून काय निघावं?

"वय काय होतं?"

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली.