सोळावं पान

बाईंना सगळे पाठीमागे कात्री म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्या एकाच प्रकाशकाकडे मुलांच्या गोष्टींचं संपादन करत होत्या. हस्तलिखित आलं की उभ्या राहून भिंतीला वाचून दाखवायचं आणि जीभ अडखळेल तिथं लाल पेन्सिल मारायची, ही त्यांची पद्धत. मोठमोठे लेखक त्यांच्या टेबलापुढे घाम पुसत उभे राहत. एकाला त्यांनी सांगितलं होतं की तुमचा ससा फार बोलतो, आणि बोलतो ते सगळं तुम्हाला बायकोला ऐकवायचं असतं. तो लेखक पुन्हा ऑफिसचा जिना चढला नाही.

चित्रकाराला मात्र रोज चढावा लागे. तो खिडकीपाशी बसायचा, आणि त्याच्यात नि बाईंत एकोणीस वर्षं विस्तव जात नव्हता. कारण एवढंसं. लांडगा कपाटात लपलाय हे मुलांना पान उलटल्यावर कळायचं होतं, आणि या शहाण्यानं आधीच्याच पानावर कपाटातून शेपूट बाहेर काढलं. तुम्ही गोष्ट वाचता की तिच्याकडे नुसते बघता, असं बाईंनी त्याला चारचौघांत विचारलं. तेव्हापासून बोलणं बंद. सगळं काम डमीवर चालायचं. डमी म्हणजे कागद दुमडून केलेली सोळा पानांची वही. बाई तिच्यात मजकूर चिकटवत आणि शिपाई ती आठ पावलं चालून खिडकीपाशी नेऊन ठेवी. बाईंनी कोरं सोडलेलं पान चित्रकाराचं, तिथं त्यानं हवं ते काढावं, असा त्या ऑफिसचा शिरस्ता होता.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा बाईंनी स्वतःची गोष्ट लिहिली. आयुष्यातली पहिली. एका मुलीचा कुत्रा मरतो, एवढीच. आजवर मालकांच्या हुकमावरून त्यांनी किती तरी मेलेली मांजरं, चिमण्या आणि आजोबा शेवटच्या पानावर उठवून बसवले होते, आणि दर वेळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या सहा वर्षांच्या असताना वडील वारले. आत्यानं सांगितलं की दादा लांब कामाला गेलाय, येईल. दोन वर्षं ती पोर रोज संध्याकाळी दारात बसली. खरं कळलं ते शाळेत, भांडताना एका मुलीनं ते तोंडावर फेकलं तेव्हा. वडील गेल्याचं दुःख केव्हाच निवलं होतं. दारात बसवल्याचा राग निवला नव्हता.

म्हणून बाईंच्या गोष्टीत कुत्रा मेला तो मेलाच. पंधराव्या पानावर मुलगी त्याचं रिकामं ताट उचलून ठेवते. सोळावं पान त्यांनी कोरं सोडलं, कारण कुणी गेल्यावर घरात जे उरतं ते असंच असतं, आणि मुलांना ते बरोबर कळतं. 'कोरंच ठेवा' एवढे दोन शब्द तिथं लिहायला हवे होते. पण ते चित्रकाराला उद्देशून झाले असते, आणि एकोणीस वर्षांनी आपणहून त्याला काही सांगायचं म्हणजे कमीपणा घेणं. बाईंनी ते लिहिले नाहीत.

चित्रकारानं शिरस्त्याप्रमाणे पान भरलं. कुत्रा फाटकातून धावत येतोय आणि मुलगी हात पसरून उभी आहे. चित्र सुरेख होतं, हेच जास्त संतापजनक. मालक खूश झाले आणि बाईंना विचारायच्या भानगडीत न पडता त्यांनी पुस्तक छापायला धाडलं. छापील प्रत हातात पडल्यावर बाईंनी ऑफिस डोक्यावर घेतलं. मालक शांतपणे म्हणाले की मुलांना रडवून पुस्तकं खपत नाहीत, आणि शिवाय पान तुम्हीच सोडलं होतं. बाई जास्तच चिडल्या.

मग मुलांची पत्रं यायला लागली. कुत्रा परत आला, मजा आली. बाई एकेकाला कार्ड पाठवत: कुत्रा मेला आहे, सोळावं पान माझं नाही. पालक खवळले. आणखी एक कार्ड गेलं तर निवृत्तीची वाट बघायची गरज उरणार नाही, असं मालकांनी बजावलं.

त्याच आठवड्यात वाकड्या अक्षरांतलं एक पत्र आलं. "कुत्रा किती दिवसांनी परत आला? आजी म्हणते बाबा लांब कामाला गेलेत. पण त्यांचे बूट इथंच आहेत. चष्मा पण. मी रोज फाटकापाशी बसते."

बाई उठल्या, आठ पावलं चालल्या आणि पत्र चित्रकाराच्या ओल्या चित्रावर ठेवलं. रंग फिसकटला.

"वाचा."

त्यानं वाचलं.

"हे कोण वाचणार, ते मला काय माहीत," तो म्हणाला.

"मुलं वाचणार. इतकी वर्षं दुसरं कोण वाचतंय?"

तो माफीसारखं काहीतरी पुटपुटला. बाईंनी ते ऐकून घेतलं नाही. त्याला माफ करायची त्यांना इच्छा नव्हती, आणि स्वतःला तर मुळीच नाही. दोन शब्द लिहायचे होते, तेही त्यांनी तोऱ्यापायी लिहिले नव्हते.

जागेवर येऊन त्यांनी कार्ड पुढे ओढलं. कुत्रा मेला, एवढं लिहायला हात पहिल्यांदाच चालेना. हे त्या पोरीला परक्या बाईच्या कार्डातून कळलं, तर शाळेतल्या त्या मुलीत आणि आपल्यात फरक काय? मग लवकरच आला, असं लिहावं? तशी दोन अक्षरं उमटलीदेखील, आणि आत्याचा चेहरा समोर आला. त्यांनी कार्ड फाडलं, साधा कागद घेतला, आणि पोरीच्या हाती पडू नये म्हणून बंद लिफाफ्यावर आजीला, एवढंच लिहून खाली पोरीच्या पत्रावरचाच पत्ता घातला.

"आजी, तुमचा मुलगा की जावई, मला ठाऊक नाही. पण चष्मा टाकून कुणी लांब कामाला जात नाही, आणि हे तिला कळायला लागलंय. तुमचं दुःख मोठं असेल. तरी पोरीला फाटकापाशी बसवलंय ते तुम्ही, आणि माझ्या पुस्तकानं. पुस्तकातलं खोटं मी स्वतः येऊन तिला सांगणार आहे. रविवारी सकाळी येते. तोवर तुमचं तुम्ही सांगा."